तुझ्या माहेरावरचं पाणी

माय, यंदाही धरण भरलं. पेपरात मोठ्या अक्षरात आलंय, नाथसागर तुडुंब. तू असतीस तर पेपर उलटा करून त्यावर शेंगा निवडत बसली असतीस. सागर हा शब्द तू घरात येऊ दिला नाहीस. चौथीत असताना मी चुलीपाशी समानार्थी शब्द घोकत होते, समुद्र, सागर, रत्नाकर, जलधी, आणि भाकरी थापता थापता तू म्हणालीस, "बाकीचे म्हन. ते एक सोड." समुद्र आपल्यापैकी कोणीच पाहिला नव्हता, त्याच्याशी तुझं भांडण नव्हतं. सागर मात्र तुझ्या माहेरावर पसरला होता. गाव उठलं, माणसं पांगली, आजी-आजोबा परक्या गावातच वारले. पंचमीला गल्लीतल्या साऱ्या सुना माहेरी गेल्या की तू एकटीच अंगण सारवत राहायचीस. शेजारच्या सागरलाही तू 'ए गोऱ्या' म्हणायचीस. तो बिचारा चांगला सावळा होता.

तो दुष्काळाचा उन्हाळा मला विसरता येत नाही. विहिरीचा तळ दिसतोय, बाबा वाळलेली मोसंबी तोडताहेत, आणि तू गुणगुणते आहेस.

"तुला हासू कशाचं येऊन राह्यलं?" बाबांनी विचारलं.

"तिकडलं पाणी उतरलं म्हन्त्यात. आमच्या गावचा पार उघडा पडला आसंल."

"आसं मागू न्हाई. लोकं घागरीसाठी भांडून राह्यले."

"मी कुठं मागितलं?" तू म्हणालीस. पण मागितलं होतंस. देवापुढे तुझे ओठ हलताना मी पाहिले होते.

मग आपण दोघी एसटीनं तिकडं गेलो. गाळ वाळून भेगाळला होता आणि त्यात कोणीतरी टरबुजं लावली होती. तू पदर खोचून हिंडलीस. पार इथं आसंल, म्हणालीस, मग तिथं. वेलांपाशी बसलेल्या बाईनं विचारलं, "काय हरवलं, मावशी?" तू म्हणालीस, "काई न्हाई." तिनं दिलेलं टरबूज मांडीवर घेऊन तू परत आलीस.

"दिसलं का गाव?" बाबांनी विचारलं.

"सागर हाय त्यो. त्यात काय दिसतंय."

त्यानंतर तू तो शब्द चारचौघांसारखा वापरू लागलीस. शेजारच्या पोराला पहिल्यांदा नावानं हाक मारलीस तेव्हा तो चमकला. मला रडू आलं. तुझी आशा सुटली होती.

तू गेलीस तेव्हा सगळं रीतसर पैठणच्या घाटावर झालं. पण तुझी मूठभर राख मी बाजूला काढली आणि टरबुजं होती तिथल्या पाण्यात नेऊन सोडली. आता माझंही माहेर तिथंच आहे. काल यांनी धरण भरल्याचे पेढे आणले. आमचीही मोसंबी आहे, यंदा कालव्याला पाणी येणार म्हणून घर खूश आहे. मी एक पेढा देवापुढे ठेवला आणि हात जोडले. पाणी उतरलं तरी तिथं काही सापडत नाही, हे मी तुझ्यासोबत पाहिलंय. तरी माय, मी दुष्काळ मागितला.