ड्रेसिंगच्या खोलीतली आजी

४ फेब्रुवारी
बिट्टीच्या पायावर कढत पाणी सांडलं. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत. सहा वर्षांची नात माझी! डॉक्टर म्हणाले, एक दिवसाआड ड्रेसिंग, निदान दोन आठवडे. लेकीचे हातपाय गळालेत. म्हटलं, आत मी बसेन. माझं काळीज घट्ट आहे.

५ फेब्रुवारी
पट्टी ओली करून सोडवतात, तरी ती मांसाला धरून असते. बिट्टी ओरडली. तसं ओरडणं जन्मात ऐकलं नव्हतं. मी मात्र बोलत होते — धैर्यावर! "दुखतंय हे खरं आहे, आणि तू खऱ्याला घाबरत नाहीस!"
"आजी, गप्प बस ना!"
सिस्टरनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

६ फेब्रुवारी
त्या मला ओळखतात. न ओळखून कसं चालेल?
गेल्या वर्षी या वॉर्डाला देणगीत एक चष्मा मिळाला. मुलाच्या डोळ्यांवर चढवला की चहूकडे समुद्र, मान वळवेल तिकडे मासे. तेवढ्यात इकडे जखम धुऊन होते. रुग्णालयाच्या सल्लागार समितीत मी त्याविरुद्ध पाऊण तास बोलले. दाखल्यांवर दाखले. "मुलाच्या वेदनेवर पडदा टाकू नका, त्याचा हात धरा!" टाळ्या थांबेनात. ठराव झाला: चष्मा वापरायचा नाही, कपाटात ठेवायचा.
तोवर मी एकही ड्रेसिंग पाहिलं नव्हतं. एकाही सिस्टरला विचारलं नव्हतं.

७ फेब्रुवारी
हात धरला. बिट्टीनं माझ्या मनगटाचा कडकडून चावा घेतला.
सिस्टर म्हणाल्या, "बाई, तुम्ही बाहेर बसता का? वीस मिनिटं फक्त."
"तिला टाकून मी हलणार नाही!"
"ऐका ना, बाई."
नाही हलले. वाटलं, माझा सूड उगवतायत.

९ फेब्रुवारी
पुन्हा तेच. पुन्हा "बाहेर बसा". पुन्हा माझं नाही.
जिन्यात लेक म्हणाली, "आई, मुलांसाठी कसलातरी चष्मा होता ना इथे?"
"बंद केला."
"कुणी?"
"समितीनं."
समितीनं! उभ्या गावाला सत्य शिकवणारी बाई मी.

१० फेब्रुवारी
भाषणाचं कात्रण काढून वाचलं. भाषा उत्तम आहे.

११ फेब्रुवारी
चौथं. आज तिनं हाकसुद्धा मारली नाही मला. भिंतीकडे तोंड करून ओरडली.

१२ फेब्रुवारी
समितीपुढे उभी राहिले. "ठराव मागे घ्या. मी चुकले. माझी नात आत आहे." एवढंच. आयुष्यातलं सर्वांत लहान भाषण. अध्यक्ष म्हणाले, "काय मनाचा मोठेपणा, बाई!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मला — हे इथेच लिहिते — बरं वाटलं!
घरी लेकीला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे तू होतीस." जेवणावरून उठून गेली.

१३ फेब्रुवारी
चष्मा चढवला. बिट्टी मान फिरवायला लागली. "आजी, कासव! अगं, तुझ्या डोक्यावरून गेलं!" मध्ये दोनदा कण्हली. शेवटी विचारते, "झालं पण?"
मी भिंतीला टेकून उभी होते.
एक खटकलं. वर्षभर कपाटातल्या वस्तूचा पट्टा इतका झिजलेला कसा? कडेला मुलांनी चिकटवलेली चित्रं, त्यावर आणखी चित्रं.

१४ फेब्रुवारी
सिस्टरना विचारलं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "बाई, कपाटात तो एक दिवसही नव्हता. रोज वापरतो आम्ही, प्रत्येक मुलाला. तुमच्या देखत कसा काढणार? नोकरी गेली असती. म्हणून तर सारखं म्हणत होते, बाहेर बसा."