लाल मोटार अण्णाला देऊ नये

मी तीन रात्री झोपले न्हाई. कारण माझ्या नावावर मोटार झाली हाय. लाल, बिनटपाची, दोनच शिटांची. ती मीच इकत घेतली, पण घ्यायची म्हणून घेतली न्हाई. आन उद्या माझा भाऊ ती चालवायला येणार हाय.

कोर्टाच्या वऱ्हांड्यात धोंडीराम अर्जनवीस बसतात. त्यांनी सांगितलं, मृत्युपत्राला आदी आपण कोण ते लिहायचं आन डोकं ठिकाणावर हाय ते लिहायचं. तर मी गौरम्मा. नवऱ्याचं नाव संगप्पा. हे नाव मी आजवर तोंडानं घेतलं न्हाई, कागदावर घ्यायलाच लागतं म्हणतात म्हणून घेतलं. आडनाव कोनापुरे, वय बावीस, शाळा तिसरी, राहणार बाळीवेस, सोलापूर. डोळे लाल झाल्यात पण डोकं जाग्यावर हाय. कुणी बळजबरी केली न्हाई. भ्या वाटतंय म्हणून लिहिते. नवरा भिवंडीला मागावर कामाला हाय, वर्सातनं दोनदा येतो. त्याला मोटारीचं अजून कळवलं न्हाई. काय लिहून कळवू?

मोटार कशी झाली ते आदी सांगते, न्हाईतर वाचणाराला वाटंल मी येडी हाय.

सात रस्त्याजवळ एका मिलच्या सायबाचा बंगला हाय. सायब वारला, बाई मद्रासला माहेरी चालली, म्हणून सगळं सामान लिलावात काढलं. शेजारची फुलाबाई म्हणाली, शिवणाचं मशीन हाय, पायानं चालणारं, चल. मशीनसाठी अण्णानं मला साडेतीनशे रुपये दिलेले. अण्णा म्हंजे माझा थोरला भाऊ सोमलिंग. झेंडावंदनाच्या दुसऱ्या दिवशी आमी गेलो. निली, माझी पोरगी, तीन वर्साची, ती डाव्या कडेवर.

मशीनची पाळी यायच्या आदी मोटार निघाली. लिलाववाला वरडून वरडून दमला, कुणी बोलंना. समदे खाली बगत हुते. शेवटी तो म्हणाला, सव्वातीनशे, आता तरी कोण हाय का? आन तेवढ्यात फाटकातनं मामंजी आत आले. माझे सासरे. त्यांचं पेंडीचं दुकान हाय, ते लोखंडी काटा बगायला आलेले. मी तितं हाय हे त्यांना ठाऊक न्हाई, ते येणार हे मला ठाऊक न्हाई. माझ्या डोईवरनं पदर घसरलेला. मी गडबडीनं उजवा हात वर केला आन पदर वडला.

लिलाववाला म्हणाला, सव्वातीनशे एक वार. माझ्याकडं बोट.

मला कळंना. फुलाबाई म्हणाली, अगं गौरे, न्हाई म्हण की! पण मामंजी चार हातांवर उभे. लगीन होऊन पाच वर्सं झाली, त्यांच्यासमोर मी कदी तोंड उघडलं न्हाई. तितं पन्नास बाप्यांच्यात कसं उघडू? दोन वार. मी मामंजींच्या पायांकडं बगत हुते. ते बी काय बोलले न्हाईत. तीन वार, आन हातोडा पडला. मशीन मग दुसरंच कुणीतरी तीनशे चाळीसला नेलं. मोटार मशीनपेक्षा सस्त गेली, असं कुटं ऐकलंय का?

घरी येताना फुलाबाईनं सांगितलं, समदे गप का हुते ते. सायब त्याच मोटारीत वारला. वळसंगच्या रस्त्यावर, सांजच्याला, बाभळीवर आदळून; मोटार मागनं नीट करून घेतली. शेजारच्या शिटावर त्याचं कुत्रं हुतं, ते बी गेलं. म्हंजे दोन शिटा, दोन्ही भरल्या.

तरी मी म्हटलं, एक अपघात कुणाचा बी हुतो. पण बुधवारी मोटारीचं सरकारी पुस्तक माझ्या नावावर होऊन आलं, आन धोंडीराम बाप्पांनी वाचून दावलं. पयलं नाव पुण्याच्या एका डाक्टरचं. त्याच्या म्होरं सही वारसाची. दुसरं नाव सायबाचं. त्याच्या म्होरं सही वारसाची. तिसरं नाव गौरम्मा. म्होरची जागा मोकळी.

ह्या मोटारीला आजवर कुणी जित्या हातानं इकलेलं न्हाई.

मी इचारलं, बाप्पा, मी मेले तर ही कुणाकडं जाईल? ते पान चघळत म्हणाले, काय लिहून न्हाई ठेवलं तर आपोआप नवऱ्याला आन पोरीला, कायदाच हाय तसा. आपोआप म्हणाले बगा. तवापासनं झोप न्हाई. निलीच्या नावावर ती मोटार येणार म्हटल्यावर मला हे लिहिणं आलं.

आता कोणाला काय ते लिहिते.

एक. माझ्या हातातल्या चांदीच्या पाटल्या माझ्या आयच्या हायत. त्या निलीला. लगनात द्याव्या, आदी मोडू नये.

दोन. माहेरची तांब्याची घागर आन पाच वाट्या. त्याच्यावर अण्णाचं नाव कोरलेलं हाय, त्या अण्णाला परत. आय गेली तवा मी सात वर्सांची. अण्णा पंधराचा, होटगीला रेल्वेत लागलेला. मला खांद्यावर घेऊन शाळंला सोडायचा. तिसरीपातूर मी शिकले ते त्याच्या खांद्यावर बसून. त्यानं अजून लगीन केलं न्हाई. त्याला घागर देणं म्हंजे त्याचंच त्याला देणं हाय, पण माझ्याकडं दुसरं काय न्हाई.

तीन. निलीच्या गळ्यातलं लिंग रोज धुऊन इबूत लावावी. शिळ्या हातानं शिवू नये. तिला भाकरी दुधात कुस्करून लागते, ताकात न्हाई. ही वारसाची गोष्ट न्हाई पण लिहून ठेवते.

चार. वाकळ फुलाबाईला. तिनं मला लिलावाला नेलं त्याचा राग हुता, आता न्हाई. पण मोटारीची बाभळीची गोष्ट तिनं जाताना सांगायची, का येताना? हे तिनं वाकळ अंगावर घेतल्यावर रोज आठवावं.

पाच. मामंजींबद्दल लिहायचं हाय. मामंजी घरात येताना उंबऱ्याबाहेर खोकतात, म्हंजे सुनंला कळावं, पदर नीट करावा. पाच वर्सं रोज खोकले. त्या बंगल्याच्या फाटकात खोकले न्हाईत. त्या दिवशी एक बारकासा खोकला काढला असता तर आज हितं मशीन असतं. हे मी मनात धरून हुते.

पण काल ते वट्यावर बसले आन निलीला हाक मारली. माझ्याशी ते बोलत न्हाईत, निलीच्या तोंडानं बोलतात. म्हणाले, "निले, तुज्या अव्वाला इचार, त्या दिवशी हात वर कशापायी केला?"

मी चुलीपाशी, भिताडाकडं तोंड करून. म्हटलं, "निले, आज्जाला सांग, पदर घेतला."

निली म्हणाली, "आज्जा, पदल घेतला," आन हात वर करून दावला.

मामंजींनी तिला मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "निले, तिला सांग, मला वाटलं तिला पायजे. पाच वर्सांत पोरीनं कदी काय मागितलं न्हाई. लिलाववाल्यानं माज्याकडं बगितलं, तवा म्याच मान हलवली."

मी भाकरी थापत हुते ती हातातच राहिली. मग ते पुन्हा म्हणाले, "आन निले, हे बी सांग, रंग झ्याक हाय."

म्हणून पाचव्या कलमातला राग मी काढून टाकते. त्यांना काय द्यावं ते सातव्यात येईल.

सहा. नवऱ्याला, म्हंजे वर ज्यांचं नाव लिहिलंय त्यांना. दुसरं लगीन करावं, मी रागवणार न्हाई. पण निलीला तवा अण्णाकडं ठेवावं. तुमी निलीला सहा वेळा बगितलंय. अण्णा दर रईवारी येतो.

सात. मोटार.

ही कुणाला द्यावी ह्याच्यात माझी एक रात्र गेली. एकदा तर थोरल्या जावंचं नाव लिहिलं हुतं. लगनात तिनं माझ्या आयच्या पाटल्या हलक्या हायत म्हणून चारचौघींत वजन करून दावलेलं. मग खोडलं. तिला दोन पोरं हायत. देवाला द्यावी म्हटलं, तर पुजारी चालवणार. द्यायची तर कुणाला तरी मालक करावंच लागतंय, आन मालक झाला की म्होरची जागा मोकळी न्हाई राहत.

मग मी धोंडीराम बाप्पांना इचारलं, तुकडं करून देता येतं का? ते हासले, म्हणाले, "पोरी, शेत तुकडं करून देतात, मोटार कशी?" मी म्हटलं, "येतं का न्हाई ते सांगा." म्हणाले, "येतं."

तर मोटार अख्खी कुणालाच न्हाई. ती मोडावी. इंजन फुलाबाईच्या जावयाच्या पिठाच्या गिरणीला. चारी चाकं पेंडीच्या हातगाड्याला. एक शीट मामंजींना, दुकानाच्या फळीवर ठेवून बसावं, त्यांचं कंबरडं दुखतं. दुसरी शीट नवऱ्याला, पण आठ हात लांब ठेवावी, दोन्ही शिटा शेजारी शेजारी ठेवू नयेत. दिवे गल्लीतल्या मंडपाला. भोंगा निलीला. मोटार अंगणात आली तवापासनं ती रोज भोंगा दाबते आन लई हासते, तेवढं तिचं काढू नये. हातात धरायचं चाक सिद्धेश्वराच्या तळ्यात टाकावं.

पुस्तक जाळू नये. रेशनकार्डावर नाव त्यांचं, घरपट्टीवर मामंजींचं. माझं नाव सरकारनं शाईत लिहिलेलं तेवढं एकच पान हाय. ते निलीला दावावं.

आन अण्णाला ह्या मोटारीतला एक बोल्ट बी देऊ नये. ह्यासाठीच हा समदा कागद हाय.

कारण अण्णा तिच्यावर लुब्द झालाय. तो रेल्वेत फिटर. मागल्या रईवारी आला, तिच्याखाली झोपला, तिन्हीसांजेला इंजन चालू केलं. गल्ली गोळा झाली. तेलानं काळं झालेलं तोंड घेऊन हासत बाहेर आला आन म्हणाला, "गौरे, म्होरल्या रईवारी वळसंगला जाऊ, मावशीकडं. मी चालवतो, तू शेजारी."

मी सांगितलं त्याला. बाभळीचं, कुत्र्याचं. बुधवारी पुस्तक आल्यावर होटगीला निरोप धाडून बोलवून घेतलं, दोन सह्या दावल्या. तर म्हणतो, "मालक मरतातच की गं, मोटार नसली तरी."

मी म्हटलं, "अण्णा, कुणी जित्या हातानं इकली न्हाई."

म्हणाला, "आवडत असंल, म्हणून इकली न्हाई. सायब पिऊन गेला बाभळीवर, मोटार कुटं प्यालेली?"

"तुला काय झालं तर?"

"भ्याली व्हय गं? खांद्यावर बसायची तवा कदी भ्याली न्हाईस."

त्याच्याफुडं माझं काय चालत न्हाई. तो बोलला की मला व्हय म्हणावंसं वाटतं. त्या दिवशी म्हटलं बी, व्हय. तो गेल्यावर मी अंगणात जाऊन त्या शिटावर बसून बगितलं. लई खाली बसते मोटार. आमच्यात माणूस गेलं की बसवून, हार घालून, बसल्यालंच खड्ड्यात ठेवतात. आयला तसंच ठेवलेलं मी बगितलंय. मी बसले तर अंगणातली जमीन माझ्या खांद्याला आली. उठून घरात पळाले.

तर मी ठरवलंय. अण्णा आलाच तर त्याला एकट्याला जाऊ देणार न्हाई, मी शेजारच्या शिटावर बसणार. निलीला मामंजींजवळ ठेवणार. म्हणून हे आजच लिहिलं. पण तो न आलेला बरा.

लिहिलेलं समदं माझ्या हातचं हाय. खोडलेलं नाव जावंचं हाय, त्याचा कुणी अर्थ काढू नये.

सही: गौरम्मा संगप्पा कोनापुरे

साक्षीदार: फुलाबाई, शेजारीण, बाळीवेस. डाव्या हाताचा आंगठा.
साक्षीदार: बसप्पा कोनापुरे, माझे सासरे. कागद निलीच्या हातानं धाडला, त्यांनी न वाचता सही केली.

मुक्काम सोलापूर, शनिवार, तारीख ८ फेब्रुवारी १९७५

खाली आणिक थोडं. हा कागद मी फुलाबाईजवळ देते. तिला वाचता येत न्हाई. वाचता येणारं जे पयलं माणूस भेटंल त्याला ती दावंल. ते माणूस तुमी. वरचं समदं ठेवा बाजूला, ते मी मेल्यावर. हे आज करायचं हाय. चौकातल्या कापडदुकानात फोन हाय. होटगी टेशनात लावा, सोमलिंग फिटरला बोलवा म्हणावं. मी सवता करणार न्हाई, त्याचा आवाज ऐकला की मी पुन्हा व्हय म्हणंन. तुमी आदी सांगा की गौरी बरी हाय, निली बरी हाय, न्हाईतर तो फोन टाकून पळत सुटंल. मग सांगा, उद्या येऊ नको. का म्हणून इचारलं तर सांगा, मोटार मोडली. अजून मोडली न्हाई, पण सांगा. तो सकाळच्या सातच्या गाडीला बसतो. त्याच्या आदी फोन करा.