सुनेत्राचे सात फोटो

शनिवार, ५ जून २००४

अखेर आले बाई सिंगापुरात! विमानतळावर निशिकांत मोगऱ्याचा गजरा घेऊन उभा होता. इथल्या मोगऱ्याला वास जरा कमी, पण चौतिसाव्या वर्षी लग्न झालेल्या गणिताच्या बाईंचे एवढे लाड साताऱ्यात कुणी केले होते? बुकित बातोकला अकराव्या मजल्यावर फ्लॅट आहे. खिडकीतून इथली लोकल, एमआरटी, खेळण्यातल्या गाडीसारखी दिसते. फ्रीजमध्ये कोथिंबीर, ओलं खोबरं, कढीपत्ता, सगळं त्याने आधीच आणून ठेवलेलं.

पॅसेजच्या भिंतीवर सात मोठे फोटो आहेत. त्यांच्याबद्दल त्यानेच सांगितलं. १९९९च्या उन्हाळ्यात तो आणि त्याची पहिली बायको सुनेत्रा यांनी गाडीने अख्खा कॅनडा आडवा पार केला. वाटसरूंनी घटकाभर थांबावं म्हणून तिथली लहान लहान गावं रस्त्याकडेला काहीतरी अवाढव्य उभं करतात म्हणे. तीन मजली रंगवलेलं अंडं, काट्याला टोचलेली घराएवढी करंजी, सांबरासारखा फताड्या शिंगांचा मूस, रानहंस, पाच माणसं उंच पाच सेंटचं नाणं, हसरा बटाटा आणि शेवटी समुद्राकाठी शेवंड, म्हणजे लॉब्स्टर. प्रत्येकापुढे लाल जाकिटातली सुनेत्रा, हसणारी. प्रवासाच्या शेवटच्या दिवशी ती खडकावरून पाय घसरून समुद्रात पडली. हे त्याने एका वाक्यात सांगितलं आणि चहा ठेवायला गेला.

फोटो काढून ठेवू का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, राहू देत. मेलेल्या माणसाचा कसला राग करायचा?

गुरुवार, १० जून

राग येतो. खोटं कशाला लिहू?

रोज संध्याकाळी ऑफिसातून आला की बूट काढता काढता त्याला एखादी आठवण येते. त्या करंजीपाशी सुनेत्राने गाडीतला शेंगदाण्याचा लाडू काट्याला टोचून तसाच फोटो काढायला लावला. मूसला तिने हेडमास्तर नाव ठेवलं होतं. सांगताना त्याचा चेहरा उजळतो. मी केलेली आमटी तो गुपचूप जेवतो, ‘छान झालीय’ म्हणतो, पण तो उजेड काही येत नाही. माझ्याबरोबर तो सेंटोसा बेटावर फिरायला आला, तर अर्ध्या तासात म्हणाला, घरी जाऊ.

फोटो पुसताना मी तिचे दात बघते. पुढचा एक दात वाकडा आहे. तरी सुंदर दिसते.

मंगळवार, १५ जून

काल दुपारी अंड्याचा फोटो चौकटीतून काढला आणि शिवणाच्या कात्रीने तिला कापून काढलं. अगदी कडेकडेने. तुकडा स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या शूटमध्ये, भिंतीतल्या त्या उभ्या नळात, टाकला. अकरा मजले खाली गेली बया. फोटो परत लावला. अंड्यापुढे बाईच्या आकाराचं भोक. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

संध्याकाळी निशिकांत त्यापुढे थांबला. वाटलं, आता ओरडेल. तो हसला. म्हणाला, “किती गारठली होतीस तू इथे, उन्हाळा असूनसुद्धा! माझे हातमोजे काढून घेतलेस.”

मी भोकाकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. तोच उजेड, माझ्यासाठी.

मी म्हटलं, “आणि तुझे हात लालभडक झाले होते.”

“झालेच होते!” तो म्हणाला.

शनिवार, १९ जून

करंजी, मूस, हंस झाले. नाणंही. रोज एक. निशिकांत आता ‘आपण’ म्हणतो. आपण हरवलो होतो, आपण भांडलो होतो. मी हो ला हो करते. काही वेळा तो बोलायच्या आधीच पुढचं मी सांगते आणि ते बरोबर निघतं. नशीब म्हणायचं.

रविवार, २० जून

बिशानहून मैत्रेयीवहिनी आल्या होत्या, निशिकांतच्या मित्राची बायको. सुनेत्राची जिवलग मैत्रीण, त्यामुळे भोकं बघून काय म्हणतील या भीतीने मी पोहे दोनदा करपवले. त्यांची दहा वर्षांची श्रिया पॅसेजमध्ये उभी राहून म्हणाली, “आंटी, तुम्ही then so thin lah!”

वहिनी म्हणाल्या, “अगं, पाच वर्षं झाली त्याला. पण ते लाल जाकीट अजून आहे का गं तुझ्याकडे?”

मला म्हणाल्या. माझ्याकडे बघून.

पाहुणे गेल्यावर बटाटा कापला. हात थांबला नाही.

बुधवार, २३ जून

काल शेवंडही संपवली. आता ती कुठेच नाही.

आज भाजी चिरताना एकाएकी समजलं की हंसाच्या गावात पाऊस होता आणि माझे मोजे ओले झाले होते. हे निशिकांतने सांगितलेलं नाही. मी तिथे नव्हते. १९९९च्या उन्हाळ्यात मी साताऱ्यात दहावीचे जादा तास घेत होते. वर्गात कोण कोण होतं ते आठवून बघितलं. एकही चेहरा आला नाही. मोजे मात्र आले. निळे होते.

शुक्रवार, २५ जून

आईला फोन लावला. तिचाच आवाज. तिने विचारलं, कोण बोलतंय? म्हटलं, अगं शुभदा. ती म्हणाली, आमच्याकडे शुभदा नावाचं कुणी नाही हो, नंबर बघून लावा. रागावली नाही. परक्या बाईशी बोलावं तशी गोड बोलली.

पुन्हा लावला. पुन्हा तेच.

आरशात पुढचा दात — नको. ते लिहायला नको.

शनिवार, २६ जून

खाली कचऱ्याच्या खोलीपाशी जाऊन आले. झाडणाऱ्या काकांना खुणांनी विचारलं. तुकडे कधीच गेले. परत चिकटवता आले असते तर —

आज शेवंडीचं आठवलं. पूर्ण.

एक दाढीवाला म्हातारा म्हणाला, द्या कॅमेरा, दोघांचा काढतो. सात हजार किलोमीटरमध्ये पहिल्यांदा कुणी तसं म्हटलं होतं. मी हसून दिला. म्हाताऱ्याने काहीतरी विनोद केला, मी आणखी हसले. निशिकांतने त्याच्या हातातून कॅमेरा ओढून घेतला. मग दोन तास माझ्याकडे पाठ करून समुद्राकडे बघत बसला. नंतर म्हणाला, चल, त्या खडकांवर एक काढू. कॅमेरा डोळ्याला लावला. आणखी मागे, म्हणाला. आणखी. माझ्यामागे काय आहे ते त्याला दिसत होतं. मला नव्हतं.

पाय घसरला नव्हता.

आणि हे कुणाला सांगू? ते आठवताना भीती वाटलीच, पण त्याआधी वाटला तो मत्सर. तिच्यासाठी एवढा जळला तो. एका म्हाताऱ्याच्या हसण्यावरून.

रविवार, २७ जून. सकाळ

तो नाश्ता आणायला खालच्या खाण्याच्या टपऱ्यांवर, हॉकर सेंटरला, गेलाय. पिशवी भरली. पासपोर्ट घेतला. बिशानला वहिनींकडे — त्या मला कुठल्याही नावाने हाक मारू देत, दार तर उघडतील. एमआरटी दहा मिनिटांवर —

लिफ्ट वाजली.

तो आलाय. नाश्ता नाही आणला. फिल्मचा रोल आणलाय. म्हणतो, इथल्या जुन्या दगडखाणीच्या तळ्यापाशी जाऊ, ऊन छान आहे, तुझे फोटो काढतो.

लग्न झाल्यापासून त्याने माझा एकही फोटो काढलेला नाही. एकही.

मला माहीत आहे. सगळं माहीत आहे. दार उघडं आहे, तो आत कॅमेरा पुसतोय, जिना समोर —

छत्तीस फोटो. छत्तीसच्या छत्तीस माझे.

हाक मारतोय. कुणाचं नाव घेतलं ते नीट ऐकू आलं नाही, पण मी ओ दिली.