नंतर, इन्स्पेक्टर, नंतर

४ फेब्रुवारी, दुकान बंद केल्यावर

आजपासून रोजनिशी. डॉक्टरांनी शुगरचे आकडे लिहायला वही दिली, पण आकड्यांना एवढी जागा कशाला? वाचणारं कोणी नाही. तेव्हा खरं तेच लिहीन.

खरं हे की मागच्या महिन्यात दाढी करताना मी पडलो नाही. बसलो. जरा वेगाने. वस्तरा वर धरला होता, गिऱ्हाइकाला ओरखडासुद्धा नाही. एवढ्यावरून हिने केवढा गहजब केला! अट घातली: वस्तरा हातात धरायचा तर कुत्रा पाहिजे. शुगर उतरायला लागली की वासावरून सांगणारा. नाहीतर दुकानाला कुलूप.

तीस वर्षं वस्तरा चालवतोय. दुसरं काही येत नाही मला. हो म्हणालो.

कुत्रा आज आला. काळा, गंभीर. आल्या आल्या दोन्ही खुर्च्या, बेसिन, टॉवेल हुंगले आणि मग माझ्याकडे असं बघितलं, जणू परवाना मागतोय. नाव ठेवलं इन्स्पेक्टर.

५ फेब्रुवारी

ट्रेनरबाई येऊन सगळं समजावून गेल्या. शुगर सत्तरच्या खाली जायला लागली की तो नाकाने गुडघ्याला ढोसणार. नाही ऐकलं तर पंजा मारणार. मी हातातलं काम तिथेच सोडायचं, मीटर लावायचं, साखर खायची आणि त्याला उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा. दर वेळी, न चुकता. म्हणाल्या, काका, ज्याचं बक्षीस द्याल तेच तो शिकेल.

मी म्हटलं, तीस वर्षं भल्याभल्यांना मान खाली घालायला लावतोय, कुत्रा काय चीज आहे? त्या हसल्या नाहीत. विनोदबुद्धी कमी.

७ फेब्रुवारी

सकाळपासून दोन अलर्ट. पहिला बँकवाल्याच्या वेळी. अर्धा गाल झालेला, फेस वाळत चाललाय आणि मी कोपऱ्यात बोटाला सुई टोचतोय. बँकवाल्याने विचारलं, बरं नाही का? म्हटलं, छे, कुत्रा खेळकर आहे. इन्स्पेक्टरच्या चेहऱ्याकडे बघून त्याला ते पटलं नसावं.

दुसरा मास्तरांच्या वेळी. रिटायर होऊन दहा वर्षं झाली, पण दाढी रोज साडेदहाला, माझ्याच हातची.  त्यांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

आकडे ६४ आणि ६६. ६६ म्हणजे जवळजवळ सत्तरच. एवढ्यासाठी काम थांबवायचं?

९ फेब्रुवारी

संकल्प: दुकानाच्या वेळात अलर्ट बंद. त्याला एकच शब्द शिकवायचा. 'नंतर'.

पद्धत माझी स्वतःची. चिकन ॲप्रनच्या खिशात. त्याने गुडघ्याला ढोसलं की म्हणायचं, नंतर, इन्स्पेक्टर, नंतर. तो खाली बसला की तुकडा. मग दाढी पुरी करायची आणि निवांत साखर खायची. संध्याकाळपर्यंत निम्मा शिकला. हुशार आहे, वळण लावणारा भेटला नव्हता.

शेवटच्या दाढीनंतर ५८. पण दाढी काय झाली होती! गाल नुसता काचेसारखा.

११ फेब्रुवारी

दोन गिऱ्हाइकं म्हणाली, नुसते केस कापा, वस्तरा नको. तिसरं दारातून कुत्रा बघून उद्या येतो म्हणालं. उद्या येतो म्हणणारा कधी आलाय का?

आरशासमोर हात धरून बघितला. थरथरत नव्हता. आरसा थरथरत होता. रस्त्यावरून ट्रक फार जातात हल्ली.

१३ फेब्रुवारी

संपूर्ण यश! दिवसभरात एक अलर्ट नाही. ट्रेनरबाईंना सहा महिने लागले, मला चार दिवस. इन्स्पेक्टर मधूनच उठून पडद्यामागे जातो. तिथे ही शिलाई मशीन घेऊन बसते, लोकांचे कपडे उसवून सैल-घट्ट करून देते. तिकडे अंधार, गारवा. झोपायला जात असणार. काम नसलं की सरकारी माणूस झोपतोच.

१४ फेब्रुवारी

नवल झालं. दाढी चालू असताना ही पडद्याबाहेर आली, हातात लिंबू सरबत. गोड! माझ्या चहातली साखर काढून टाकणारी, लग्नाच्या जेवणातसुद्धा माझ्या ताटावर पहारा करणारी ही! उभी राहिली आणि पेला रिकामा होईपर्यंत हलली नाही. गिऱ्हाईक आरशातून बघत होतं. मी लाजलो.

१६ फेब्रुवारी

सरबत दोनदा. सकाळी अकराला आणि दुपारी. एकदा तर पायात चप्पल न घालता धावत आली. बावीस वर्षांच्या संसारात माझ्यासाठी ही धावल्याचं आठवत नाही. उशिरा का होईना, माणसाची किंमत कळते. मीसुद्धा ठरवलंय, तिच्याशी जरा गोड बोलायचं.

मग बोललो. तिने कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

१८ फेब्रुवारी

मीटर: ११०, १०४, ११८. आठवडाभर शुगर खाली गेलेलीच नाही. माझं मत असं की रोगाला माझी जिद्द कळली. ट्रेनरबाईंना फोन करून सांगावं, कुत्रा घेऊन जा, कोणा गरजूला द्या.

एक किरकोळ गोष्ट. सकाळी ब्रश हातात घेतला आणि तो कशासाठी असतो तेच आठवेना. दोन मिनिटं. नंतर आठवलं. तेवढ्यात ही सरबत घेऊन आली होतीच.

घाबरलो. वाचणारं कोणी नाही म्हणून लिहितो. वस्तरा गेला तर मी कोण? टॉवेल झटकणारा एक जाडा माणूस. लोक दुसऱ्या कोणापुढे असे गळा वर करून डोळे मिटतात का? माझ्यापुढे मिटतात. आयुष्यात एवढंच कमावलंय.

२० फेब्रुवारी, सकाळी साडेदहा

ही बाजारात गेली. दोरा संपला, चेन संपल्या. दोन तासांत येते म्हणाली. जाताना इन्स्पेक्टरबद्दल काहीतरी सांगायला लागली की तो माझ्याकडे येतो ना, तेव्हा... मी म्हटलं, माहीत आहे, झोपायला येतो. ती म्हणाली, अहो, नीट ऐका. तेवढ्यात मास्तर आले. म्हटलं, नंतर सांग.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी

 अक्षर लागत नसेल तर नसू दे.

मास्तरांना फेस लावला. इन्स्पेक्टर पडद्यामागे गेला, लगेच बाहेर आला. परत गेला, परत आला. तीन वेळा. मग माझ्याकडे येऊन गुडघ्याला ढोसलं. कितीतरी दिवसांनी. मी म्हटलं, नंतर. बसला. तुकडा दिला मी त्याला. शाबास म्हटलं.

मग आरशात दोन मास्तर दिसायला लागले. दोघांचेही डोळे मिटलेले. मी ठरवलं, डावीकडच्याची आधी करू.

पुढचं मला नीट आठवत नाही. माझं मनगट मास्तरांनी दोन्ही हातांनी धरलं होतं आणि वर्गातल्या आवाजात म्हणत होते, खाली बस. बसलो. त्यांनी खिशातल्या लिमलेटच्या चार गोळ्या कागद काढून एकेक माझ्या तोंडात कोंबल्या. त्यांच्या गळ्यावरचा फेस तांबडा झाला होता. बोटभर लांब रेघ. खोल नाही. पण गळ्यावर.

मीटर ४१.

मी त्या माणसाचा गळा कापला असता. कुत्रा समोर बसला होता, चिकन खात होता आणि मी कापला असता.

ही आली. मास्तरांना तुरटी लावली, पट्टी बांधली, रिक्षात बसवून दिलं. मग माझ्याकडे वळली. ओरडेल वाटलं. ओरडली नाही, रडली. रडत रडत सांगितलं: इन्स्पेक्टर झोपायला येत नव्हता. मी ऐकत नाही म्हटल्यावर तो तिला सांगायला यायचा. आठवड्यात अकरा वेळा. अकरा वेळा ती मशीन सोडून धावली. चारचौघांत सुई टोचलेली मला आवडत नाही म्हणून बोलली नाही, आणि कुत्रा तिच्याकडे येतो हे मला ठाऊक आहेच असं धरून चालली.

मी विचारलं, म्हणजे ते सरबत शुगरसाठी होतं? ती म्हणाली, मग कशासाठी? 

२१ फेब्रुवारी

ट्रेनरबाई. मी सांगितलं, तुमचा कुत्रा बिघडला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, काका, बिघडला नाही. तुम्ही गप्प बसण्याचं बक्षीस दिलंत, तो गप्प बसला. ताईंनी येण्याचं बक्षीस दिलं, तो त्यांच्याकडे गेला.

हीसुद्धा चिकन देत होती! माझ्यापेक्षा मोठे तुकडे.

नवी अट: इन्स्पेक्टरने मला स्वतःहून सांगायचं आणि मी त्याच क्षणी ऐकायचं. असं तीस वेळा. मग वस्तरा. तोवर तिन्ही वस्तरे मशीनच्या खणात, किल्ली हिच्या कमरेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

तीस काय, दहा दिवसांत उडवून टाकतो.

२५ फेब्रुवारी

तिसांपैकी शून्य. सुरुवात आहे. तुकडे मोठे केले.

मास्तर आले. रेघ सुकली आहे. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, अरे राहू दे. खुर्चीत बसले, केस कापून घेतले. दाढी वाढवायला सुरुवात केली आहे. त्यांना बरी दिसते म्हणाले. नाही दिसत.

१ मार्च

शून्य. दिवसभर गोड आवाजात हाका मारतो, गुडघा पुढे करून बसतो. गिऱ्हाइकांना वाटतं मला गुडघेदुखी आहे. इन्स्पेक्टर सभ्यपणे मान फिरवतो. मी त्याला म्हटलं, बाबा, चुकलो. कुत्र्याची माफी मागताना मला बँकवाल्याने ऐकलं.

५ मार्च, दुपारी साडेतीन

दुकान रिकामं. कपाळाला घाम आला, बोटं गार पडली. शुगर उतरत होती. माझं मलाच कळलं. आनंद झाला! जमिनीवर बसलो, त्याच्या तोंडासमोर. मुठीत चिकन. तो उठला. जवळ आला. माझ्या तोंडाचा वास घेतला, नीट, दोनदा. मी म्हटलं, सांग. मला सांग ना रे. ऐकतो मी.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग माझा पाय ओलांडला आणि पडद्यामागे गेला. मशीन थांबलं.

मला सांगून उपयोग नाही, हे हिला कळायला बावीस वर्षं लागली. त्याला पंधरा दिवस पुरले.

५७. सरबत घेतलं. गोड होतं. पेला धुऊन ठेवला.