उंदराच्या मालकाचा पत्ता

दिग्रस,
६ ऑक्टोबर २००८

तीर्थरूप घनश्यामभाऊ यांस,
राखीच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे सईदाचा, सलाम वि. वि.

ईदचा शीरखुर्मा तुमाले पोचला हे समजलं, कारण डबा वापस आला नाही. वच्छलावहिनीले म्हणा, तीन डबे झाले आता. राखीची साडी मात्र नेसून पाह्यली, काठ झकास आहे.

खबर अशी की आमचं हजचं विमान नागपूरवरून नोव्हेंबरच्या दुसऱ्या हप्त्यात आहे. कितीक वर्षं झाली मी या दिवसाची वाट पाहून राह्यली. आंधी सैफचं शिक्षण, मंग तमन्नाचं लग्न, मंग सालभर मिल बंद राह्यनं, दरसाल काहीतरी आडवं येतच होतं. आता सगळं जुळलं, तं तुमचे जवाई, म्हणजे माझे हे, आडवे आले. भाऊ, हा माणूस मले रडवन.

झालं असं. सैफ पुण्याले नोकरीवर गेला तवा त्याचा कंप्युटर इथंच ठेवून गेला. त्यात एक उंदराचा गेम आहे. दोन उंदीर राह्यतात, एक लाल, एक निळा. डोक्यावर भाकरीचा तुकडा घेऊन मिनारीवर चढतात, मांगं बोका. लाल मी, निळे हे. जिनिंग मिलचा हंगाम अजून लागला नाही, हे तिथले मिस्त्री, यांले काम नाही, म्हून दुपारची नमाज झाली की आमी दोघं बसतो. हसू नका. एकतिसाव्या मजल्यापर्यंत पोचलो आहो.

परवा हजच्या शिबिरात मौलानासाहेबांनी सांगतलं की निघाच्या आंधी सगळ्यांची माफी घ्या, कोनाची काडीही न विचारता घेतली असन तं तेही माफ करून घ्या. हे घरोघर फिरून आले. ज्यांच्यासंग जन्मात भांडले नाही त्यांचीही माफी मागितली. शेजारची बसंतीबाई तं घाबरूनच गेली, की आपलं काय नेलं बापा यांनी, म्हून घरातली भांडी मोजत बसली. मंग घरी येऊन कंप्युटरसमोर उभे राह्यले आन् मले विचारलं की हा उंदीर कोनाचा आहे.

सैफले फोन केला. तो म्हणे की जुन्या काळी टीव्हीले लावाचा जपानी डबा येत होता, त्याच्यावरचा हा गेम. आता कंप्युटरमंधी एमुलेटर टाकला की कंप्युटरच त्या डब्याची नक्कल करते, आन् गेम नेटवरून फुकट उतरवून घेता येते. फुकट हा शब्द ऐकला आन् यांच्या हातातून फोन पडला. आता म्हणतात, मालकानं माफ केल्याशिवाय विमानात पाय ठेवनार नाही. आन् हजले बाईसंग घरचा पुरुष लागते, म्हून यांच्याबिगर मलेही जाता येत नाही.

तुमी सारी नोकरी कोर्टात काढली. हे कायदेशीर आहे असं एका कागदावर लिवून पाठवा, शिक्का असन तं मारा. लोभ आहेच, तो कापसाच्या भावासारखा उतरू देऊ नका.

तुमची बहीण,
सईदा


दारव्हा,
११ ऑक्टोबर २००८

चि. सौ. सईदा हिस अनेक आशीर्वाद. जवाईबापूंस रामराम आणि सलाम, दोन्ही.

पत्र मिळाले. फोन केला असता तरी चाललं असतं असं वच्छला म्हणते, पण तिले काय माहीत, फोनवर बजावणी होत नाही. डब्यांचा विषय प्रलंबित आहे.

प्रथम खुलासा. मी कोर्टात होतो हे खरं, पण बेलीफ होतो. लोकांच्या दारी समन्स नेऊन देनं एवढंच माझं काम. आतमंधी काय निकाल लागते ते मले दारातूनच ऐकू येत असे. तरी इतकी वर्षं दारातून ऐकलं म्हणजे थोडंबहुत कानात राह्यतेच. खात्रीसाठी रामराव वकिलाकडे गेलतो. चहा मीच पाजला.

सबब, येणेप्रमाणे. एमुलेटर, म्हणजे डब्याची नक्कल करनारं सोंग, ते कोनी आपल्या अकलेनं बनवलं असन तं त्यात गुन्हा नाही. जवाईबापू मिलच्या मशिनीचे दाते घरच्या लेथवर बनवतात, कंपनी काही त्यांले पकडाले आली नाही. तसंच ते. गेमची गोष्ट मात्र येगळी. तो कोनीतरी डोकं खपवून बनवला, त्याच्यावर त्याचा हक्क. न विचारता उतरवला म्हणजे चूक, मंग कंपनी चालू असो का बंद. मी वकिलाले म्हणालो की बापा, आमी घरची सरकी पेरली तं कोनी काही म्हणत नाही. तो म्हणे, घरची सरकी धड उगवत नाही म्हून म्हणत नाही; गेमची नक्कल असलसारखीच उगवते, म्हून तर भांडण. मले पटलं.

तू रडू नको. एक वाट आहे. असल माल विकत घेऊन ताब्यात असन, तं तो खराब होईन म्हून जपाले एक नक्कल ठेवता येते. नेटवरून उतरवलेली त्यात बसते का, असं विचारलं तं वकील जरा खोकलला. पण मले आठवते, सैफ लहान असताना जवाईबापूंनी त्याले नागपूरवरून टीव्हीचा गेम आनला होता. त्यात उंदीरच होता, मी सोताच्या डोयानं पाह्यला. त्या गेमची कॅसेट हुडका. असल निघाली तं अर्धे सुटले समजा.

वच्छला विचारते, एकतिसाव्या मजल्यावर असं आहे तरी काय. मी विचारत नाही, पण कळवशील.

माया दोन्हीकडून चालू ठेवावी, ही विनंती.

तुझा भाऊ,
घनश्याम (सेवानिवृत्त बेलीफ)


दिग्रस,
१९ ऑक्टोबर २००८

तीर्थरूप घनश्यामभाऊ यांस,
सईदाचा सलाम वि. वि.

कॅसेट सापडली. आर्णीले माझी नणंद फरहाना आहे ना, तिच्या कूलरच्या पायाखाली टेकन म्हून लावली होती. हे स्वतः आर्णीले गेले, कूलरखाली आडवे झाले, कॅसेट काढली आन् तिथं वीट लावून देली. येतांना एसटीत ती मांडीवर घेऊन बसले, आन् बाजूच्या माणसाले धक्का नको लागू देऊ म्हणे. मीही खूश. रात्रीची खिचडी सोडून शेवया केल्या.

पण मिस्त्रीचा हात, भाऊ. घरी येताच स्क्रू काढून उघडली. बाहेर लिवलेलं, नऊशे नव्व्याण्णव गेम. आतमंधी एवढीशी पट्टी आन् तिच्यावर डांबराचा थेंब पडल्यावानी काळं काहीतरी. कंपनीचं नाव नाही, गाव नाही. हे म्हणे, मशिनीचा माल मी ओळखतो, हे कंपनीचं काम नाही. सैफले इचारलं तं तो हसत सुटला. म्हणे की अब्बा, तवा आपल्याकडच्या बाजारात अशाच नकली कॅसेटा येत होत्या, आन् नऊशे नव्व्याण्णवमंधी गेम सातच राह्यत, तेच फिरून फिरून येत.

म्हणजे पाहा. एका चोरीचा कागद आनाले गेलो आन् दुसरी चोरी घरात आनली. हे दोन दिवसापासून एकच म्हणतात, की अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकही असल उंदीर नाही. वरून सैफ म्हणते की ती जपानी कंपनी केव्हाचीच बुडाली, हक्क कोनाकडे गेला ते कोनालेच ठाऊक नाही.

मालकाचा पत्ताच नाही, तं माफी कोनाले मागाची? यांनी बॅग भरनं बंद केलं. मी कपडे ठेवते, हे काढून ठेवतात. काल मी लय चिडली. म्हणाली की उंदराच्या मालकाची माफी पायजे, आन् जिले इतकी वर्षं आशेवर ठेवलं त्या बायकोची नको काय. यांनी हातातला कपडा खाली ठेवला. मंग हळूच उठून माझीही माफी मागितली, आन् बॅग तशीच उघडी.

भाऊ, मले जायाचं आहे. काहीही करा.

तुमच्या मायेवर हक्क सांगनारी,
सईदा


दारव्हा,
२३ ऑक्टोबर २००८

चि. सौ. सईदा हिस अनेक आशीर्वाद.

मालकाचा पत्ता नाही, हे वाचलं आन् माझ्या अंगात जुनं वारं शिरलं. अगं बाई, हे तर माझंच खातं! वकिलाले इथं कोन विचारते?

पक्षकार सापडत नसला की कोर्ट काय हात जोडून बसते काय? बेलीफ त्याच्या शेवटच्या ठावठिकाण्यावर जाते, दोन पंच उभे करते, नोटीस मोठ्यानं वाचते आन् दारावर चिटकवून देते. झाली बजावणी. पक्षकारानं वाचली का नाही, ते त्याचं तो पाहीन. दारव्ह्यात मी अशा किती नोटिसा चिटकवल्या. एकदा तर चुकून गोठ्याच्या दारावर चिटकवली आन् ती म्हशीनं खाल्ली, तरी बजावणी कायम राह्यली.

आता या उंदराचा शेवटचा ठावठिकाणा कोनता? तुझा कंप्युटर. भाऊबीजेले मी येतोच आहो. येतांना नोटीस, डिंक, सुतळी आन् शिक्क्यासाठी लाख घेऊन येतो. दोन पंच तयार ठेव. जवाईबापूंले सांग, आंघोळ करून बसा.

ओवाळणं साधंच ठेव, करंज्या मात्र भरपूर. आपुलकी आहे तशीच असू द्यावी, तिले नोटीस लागत नाही.

तुझा भाऊ,
घनश्याम


दिग्रस,
१ नोव्हेंबर २००८

सौ. वच्छलावहिनी यांस,
सईदाचा सलाम वि. वि.

तुमचा गुडघा दुखला म्हून तुमी आल्या नाहीत, आन् काय तमाशा चुकला तुमचा! ओवाळून झालं, करंज्या खाऊन झाल्या, आन् तुमच्या यजमानांनी जुना खाकी कोट चढवला. बसंतीबाई आन् कोपऱ्यावरचा रामधन सायकलवाला पंच. भाऊनं दारात उभं राहून अशी आरोळी देली की गल्लीतली कुत्री भुकाले लागली. गेमचा जो कोनी मालक, वारस वा खरेदीदार असन त्यानं समोर यावं, वाहिद मिस्त्री माफी मागून राह्यले, असं तीनदा वाचलं. कोनी आलं नाही. रामधननं एवढंच विचारलं की मालक जपानचा असन तं त्याले मराठी समजन काय. भाऊ म्हणे, समजाची जबाबदारी बेलीफवर नसते.

मंग नोटीस कंप्युटरच्या काचेवर चिटकवली. हे म्हणे, नुसती माफी मागून काय, माल तं वापस केला पायजे. पण वहिनी, हा माल वापस तरी कसा कराचा? देल्ला तरी आपल्याजवळ राह्यतेच. तवा पुसून टाकाचं ठरलं. मी माझ्या हातानं उंदीर उचलून कंप्युटरच्या कचरापेटीत टाकला. बत्तिसाव्या मजल्यावर काय आहे ते आता जन्मात समजनार नाही, याचं मले खरंच वाईट वाटलं, खोटं कायले सांगू. भाऊनं सुतळी बांधली आन् लाखेचा शिक्का मारला.

हे यायले तयार झाले! म्हणतात, नोटीस झाली, पण मन अजून मोकळं नाही. अरफातच्या, म्हणजे हजच्या मोठ्या दिवसाच्या आंधी तिथं मालकाच्या मुलखातला कोनी सापडते का पाहीन. सापडो न सापडो, विमानात तं बसतात.

ठरल्याप्रमाणे तुमी दोघं आमच्या घरी राहा. तुमचा कापूस इथंच विकाचा आहे, गाड्यांच्या लाइनीत रात्र काढन्यापेक्षा घर बरं. कोंबड्यांले दाणे टाकजा. कंप्युटरले हात लावू नका, जप्तीतला माल आहे. माझ्यावरचा जीव डब्यांवानी ठेवून घेऊ नका, अधूनमधून वापस करजा.

तुमची नणंद,
सईदा


मक्का शरीफ,
२० नोव्हेंबर २००८

साळेसाहेब घनश्यामभाऊ यांस,
वाहिद मिस्त्रीचा अस्सलाम आलैकुम आन् रामराम.

मराठी लिवाची सवय नाही, सईदा बाजूले बसून चुका काढून राह्यली. तब्येत ठीक. तिच्या डोयातलं पानी अजून थांबलं नाही. रडते आन् हसते, हसते आन् रडते.

खास गोष्ट. काल रोटीच्या लाइनीत माझ्यापुढं एक बुटका माणूस, गळ्यात जपानच्या झेंड्याचा बिल्ला. त्याच्यासंग कराचीचा एक भाई होता, तिकडे जपानात जुन्या मोटारी विकते, दोन्ही भाषा येतात. मी जपानी भाऊचा हात धरला आन् म्हणालो की मले माफ करा. कराचीवाल्यानं तीनदा विचारलं की उंदीर म्हणजे कोनता उंदीर. मी बोटं नाचवून दाखवलं, बोका मांगं लागते तेही करून दाखवलं. लाइन थांबली.

जपानी भाऊ आंधी खूप हसला. मंग एकदम खाली बसला. म्हणे, तो गेम त्याच्या घरी आहे. असल. लहानपणी दोस्ताकडून खेळाले आनला, दोस्ताचं कुटुंब दुसऱ्या गावी गेलं, यानं वापस देल्लाच नाही. इथं आल्यापासून त्याच्या मनात तेच होतं, पण सांगाचं कोनाले, लोक हसतीन. भाऊसाहेब, आमी तं नक्कल चोरली, त्यानं असल!

तो म्हणे की कंपनी काही माझी नाही, पण जपानचा माणूस म्हून जेवढी माझ्या हातात आहे तेवढी माफी देल्ली. घरी गेल्यावर दोस्ताले हुडकून कॅसेट वापस करनार, आन् हक्क कोनाकडे आहे ते पाहून आमचंही नाव सांगनार. मंग त्यानं विचारलं की तुमी मले माफ करता काय. मी कोन करनारा? पण केलं. गळ्यात पडून दोघं रडलो. मांगच्या लोकांले वाटलं रोट्या संपल्या.

आता मन कापसावानी हलकं झालं. सईदानं मधातच बत्तिसाव्या मजल्याचं विचारलं. तो बिचारा तिसाव्यावरच राह्यला होता.

तुमच्या नोटिशीनंच हे घडलं असं मी मानतो. दुवा आहे, तुमच्याकडूनही येऊ द्या.

तुमचा जवाई,
वाहिद


दिग्रस,
५ डिसेंबर २००८

सौ. सईदाताई यांस,
वच्छलेचा नमस्कार वि. वि.

जवाईबापूंचं पत्र मोठ्यानं वाचलं आन् तुमच्या भावाचा चेहरा पडला. हे पत्र तुमच्या हाती लागन का नाही देव जाणे, पोचेस्तोवर तुमी मदिन्याकडे गेल्या असान. तरी लिवल्याशिवाय राहवत नाही.

कोंबड्या ठीक. कापूस विकला, भावाचं विचारू नका. तीनही डबे घासून तुमच्या फळीवर ठेवले आहेत, हे मी आंधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून तुमी रागावनार नाही.

जप्तीतला माल ठीक आहे की नाही हे बेलीफनं अधूनमधून तपासलं पायजे, असं यांचं म्हणनं. तपासाले सुतळी काढावी लागली. लाख उन्हानं आपोआप फुटली, असं हे म्हणतात, पण कंप्युटरवर ऊन येत नाही. मंग माल कचरापेटीत आहे म्हणजे नेमका कुठं आहे ते पाह्यलं. मंग तो बाहेर आला. मंग चालते का ते पाह्यलं. नोटीस काचेवर तशीच आहे, तिचा एक कोपरा वर दुमडून ठेवला की उंदीर दिसतात.

निळे हे. लाल कोन, ते कसं सांगू बाई. गुडघ्यामुळे मले दुसरं काही करता येत नाही.

बत्तिसाव्या मजल्यावर काय आहे ते ऐका. उंदीर भाकरी नेऊन आपल्या पिल्लांले देतात, पिल्लं नाचतात, मी तं रडलीच. आन् लगेच सगळं काळं होऊन पहिल्या मजल्यावरून पुन्हा सुरू होते, आता बोका आधीपेक्षा जोरात पळते. तुमचे भाऊ म्हणतात की हा कोर्टासारखाच निघाला.

आता यांच्या घशाखाली घास उतरत नाही. दोन वेळा खाकी कोट घालून आरशासमोर उभे राह्यले, सोतालेच नोटीस कशी बजावाची याचा विचार करत. ताई, आमच्यासाठी खजूर नका आनू, जमजमचं पानीही राहू द्या. तो जपानी भाऊ पुन्हा रोटीच्या लाइनीत भेटला, आन् त्याच्याजवळ उरली असन, तं दोघांपुरती माफी तेवढी घेऊन या.

घाईत, बोका मांगं लागला आहे,
तुमची वच्छलावहिनी