दालिसाय एअरची फुकटची खोली

३ मार्च
पोचले एकदाची बुसुआंगा बेटावर! दालिसाय कुटुंबाचं विमान एकच, नऊ आसनी, पण थाट शंभर विमानांचा. लोला पुरिंग मालकीण. सगळेच तिला लोला, म्हणजे आजी, म्हणतात. तिचा मुलगा नोनोय वैमानिक, मी तिकीट खिडकीवर. धावपट्टीच्या कुंपणाला लागून खोली दिलीय, तीही फुकट! शाळेला सुट्टी लागली की माझ्या इनायला मनिलाहून, आईकडून घेऊन यायचं. पाच वर्षांची पोर माझ्याविना किती दिवस राहणार?

९ मार्च
माणसं भारी लाघवी. दोन-चार दिवसांनी अख्खं कुटुंब माझ्याकडे टेकतं. तांदळाचा केक आणतात, मला खायला लावतात, स्वतः तोंडही लावत नाहीत, आणि उठून जातात. यांचं घर तर रस्त्यापलीकडेच! एवढी माया कशाची, देव जाणे. फुकट ते पौष्टिक म्हणून खाल्ला.

१४ मार्च
पर्यटक नसले की हेच विमान शवपेट्या नेतं, हे आज कळलं. एका बुडालेल्या कोळ्याला त्याच्या बेटावर पोचवलं, सगळे मयतीला थांबले आणि परतताना थेट माझ्या दारात. नोनोयने माझ्या उंबऱ्यावर बूट झटकले. इथे टेकलं की हलकं वाटतं, म्हणाला.

आमच्याकडची रीत आठवली. मयतीहून सरळ घरी जायचं नसतं, मेलेला मागोमाग येतो. वाटेत कुठेतरी टेकून त्याला तिथेच झटकायचं. आम्ही मनिलात गर्दीच्या बेकरीत टेकायचो. यांनी माझी खोली — छे, मीच मेली संशयखोर.

१९ मार्च
कसला संशय! सामान चढवणाऱ्या बेर्तोला खोदून विचारलं. या खोलीत राहणारी आधीची पोरगी पळून गावी गेली म्हणे, पण तिच्या मागे कोण कोण उभं होतं ते बघून आईनेच दार लावून घेतलं.

खोलीत ओल्या जाळ्यांचा वास. भरदुपारी गादीची कड दबते, कुणी बसल्यासारखी.

२३ मार्च
लोलाला जाऊन ठणकावलं. बाईला लाज नाही. म्हणाली, "पोरी, माझ्या घरात नातवंडं आहेत. तुझ्या खोलीत कोण आहे?"

मी म्हटलं, माझी लेक येणार आहे. तिने केकचा डबा माझ्यापुढे सरकवला.

२६ मार्च
खोलीत पाय ठेवत नाही, ऑफिसातच पथारी. आईला फोन केला, इनायला पाठवू नकोस. आई म्हणते, अगं, सकाळीच निघाली की! नोनोय शवपेटी न्यायला आला होता, जागा होती, त्यानेच —

विमान केव्हाच उतरलंय. पेटी दिसतेय. इनाय नाही.

बेर्तो म्हणतो, सगळे तिला घेऊन तुझ्या खोलीवर टेकायला —

मी खोलीच्या दाराशी आहे. लोला, नोनोय, सगळे टेकून गेले. इनाय आत. दार आतून बंद. वही हातातच —

हाका मारल्या. ती हसतेय. "आई, थांब ना, सगळ्यांना सरकू दे."

तिला म्हटलं, कडी काढ. काढतायत, म्हणाली.

कडी वर आहे. तिचा हात पोचत नाही. मग हे कोण —