पडत्या भावाचं घर

४ डिसेंबर १९७२
घरमालक भिमाजी संध्याकाळी आला. घर विकून मुलाकडे पिंपरीला चाललाय. म्हणाला, मास्तर, तुमी इथं ऱ्हाताय, म्हनून पहिलं तुमाला इचारतो. केवढा उपकार! दुष्काळात घराला गिऱ्हाईक नसतं, एवढंही त्या बैलाला कळत नाही. मला कळतं. मी पेपर अग्रलेखासकट वाचतो. विचार करून सांगतो म्हणालो. आमची चांगुणा आतून सारख्या बांगड्या वाजवत होती, हो म्हणा म्हणून. बायकांना मार्केट कळत नाही.

५ डिसेंबर
चांगुणाचं रडगाणं. लग्न झाल्यापासून भाड्याच्याच खोल्या, सामान हलवून जीव गेला, आता मरेन ती स्वतःच्या घरात. म्हटलं, मरशील, पण निम्म्या किमतीत. तू फक्त बघत राहा.

१७ डिसेंबर
भाव उतरेना. भिमाजी हट्टी. थोडा धक्का द्यायला हवा. सलूनमध्ये बन्सीच्या कानात सांगितलं, भिमाजीचं घर लाभत नाही. कोणाला बोलू नकोस असंही बजावलं, म्हणजे दुपारपर्यंत गावभर होईल. बन्सीला लगेच पटलं. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाला, दिसतंयच की, मास्तर! अडाणी. पण कामाचा.

२ जानेवारी १९७३, सकाळी
भाव उतरला! नेवाशाचं गिऱ्हाईक ओट्यावरूनच परत फिरलं. भिमाजीचं तोंड एवढंसं झालं. याला म्हणतात डोकं. अजून थांबणार. अजून पडेल.

१४ जानेवारी
संक्रांत. हळदीकुंकवाला एक बाई फिरकली नाही. चांगुणा नवं लुगडं नेसून, तिळगुळाचं ताट घेऊन दिवे लागेपर्यंत बसली. शेवटी शेजारची साळूबाई ओट्याखालूनच म्हणाली, बाई, तुमचं घर लाभत न्हाई म्हनं, आमी कसं यावं? मग चांगुणाला खरं सांगून टाकलं. अफवा माझी, आयडिया माझी. तर विश्वास ठेवीना! म्हणे, उगं माझी समजूत काढू नका. तरीच तुमची हेडमास्तरकी हुकली, तरीच... पुढचं लिहीत नाही. आता हे घर फुकट दिलं तरी नको म्हणते. काय बोलायचं अशा बाईशी?

११ फेब्रुवारी
बायकोला विचारून व्यवहार होत नसतात. निम्मा भाव सांगायला भिमाजीकडे गेलो. तो विसार घेऊन मोकळा! घर फक्रुद्दीन पिंजाऱ्याला दिलं, माझ्या निम्म्याहून कमीला. म्हणे, दुसरं कुनी दारात उभं ऱ्हाईना, काय करू? फक्रुद्दीनच्या कानावर कसं गेलं नाही? गेलं होतं. तो म्हणाला म्हणे, अल्लाच्या जमिनीवर कुठलं घर वाईट असतंय? शिक्षण नसलं की असं होतं. गाद्या भरणाऱ्याला कसलं इकॉनॉमिक्स!

२५ मार्च
फक्रुद्दीन येऊन गेला. कापूस ठेवायला जागा पाहिजे, परीक्षा झाल्या की खोल्या मोकळ्या करा म्हणाला. वर शिऱ्याची ताटली. म्हणे, तुमच्यामुळंच परवडलं, मास्तर, नाहीतर आमची कुठली ऐपत? टोमणा असावा. शिरा बरा होता. असल्या मंदीत खोल्या पायलीच्या पन्नास मिळतील.

२९ एप्रिल
खोली मिळेना. जाईन तिथे विचारतात, आता कुठं ऱ्हाता? सांगितलं की चेहरा पडतो आणि दार लागतं. तिथली पीडा तुमच्या मागं आमच्या घरात यायची, म्हणतात. चंद्रावर माणूस जाऊन आला आणि हे बघा! मूर्खांचं गाव आहे. बन्सीनेही दिली नाही.

६ मे
मेव्हणा पुंजाराम याच्या वस्तीवर आलो. त्याची जनावरं छावणीत आहेत, गोठा रिकामा. त्याने जमीन सारवून दिलीय. वास जाईल हळूहळू. तात्पुरती व्यवस्था. शहाणा माणूस मंदीत भांडवल अडकवत नाही, हे चांगुणाला समजावलं. गव्हाणीत अंथरुणं रचत होती.

१० जून, दुपार
पश्चिमेला ढग. काळे. वस्तीवरची झाडून सगळी माणसं बाहेर येऊन वर बघतायत. म्हातारी माणसं रडतायत. पुंजारामने माझ्या पाठीत थाप घातली. म्हणाला, दाजी, आता छावनीतनं जनावरं आनतो! गोठ्यात आल्यापासून चांगुणाने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.
सगळ्यांनी वर बघून हात जोडले. मीही जोडले. ढग जाऊ दे म्हणून.